पोचेपर्यंत सांगू नको

परवा गावच्या हायस्कूलचे हेडमास्तर स्वतः घरी आले. दहावीच्या पोरांसाठी त्यांनी शनिवारी शनिवारी व्याख्यानं ठेवली आहेत, कोणी बँकेतलं, कोणी पोलिसातलं, कोणी मोबाइल दुरुस्तीतलं. "आजी, तुम्ही जनसंपर्कावर बोला," म्हणाले. "पोरांना वाटतं डॉक्टर-इंजिनिअर सोडून जगात काही नाहीच. या क्षेत्राची जरा गोडी लावा त्यांना." मी लगेच हो म्हटलं. मला कोणी बोल म्हटलं आणि मी नाही म्हटलं, असं आजवर झालेलं नाही. एका मोठ्या दवाखान्यात मी सगळी नोकरी काढली. माझ्या टेबलावर जनसंपर्क अधिकारी अशी पाटी होती, आणि काम काय, तर ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसांशी बोलायचं. स्टेजवर मी सांगीन ते सगळं खरंच असेल. बोलता येणं हा गुण आहे, त्याचा पगार मिळतो, उन्हात जावं लागत नाही, माणसं ओळखीची होतात, बाजारात भाजीवाली दोन वांगी वर टाकते. पण मी या कामात आले कशी, ते स्टेजवर सांगण्याजोगं नाही. ते ऐकलं तर पोरं निमूट इंजिनिअर होतील. म्हणून ते इथं लिहिते.

आम्ही मेडशीचे. घर साधं, मातीच्या भिंतींचं, वर टिनं. टिनांवर माकडं उड्या मारायची आणि आत आम्ही ताटावर हात धरून बसायचो, माती पडू नये म्हणून. घरात आजी, बाबा, माय, मी, आणि वच्छलाकाकू तिच्या दोन लेकरांसह. दादाराव काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, पातूरच्या पुढं रस्त्याला लागून एक सूतगिरणी होती तिथं कामाला होते. तिथंच खोली करून राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी एस. टी.नं घरी यायचे. आले की आधी अंगणात उभे राहून झटकायचे स्वतःला, तरी त्यांच्या भुवयांत, कानाच्या पाळीत कापसाचे तंतू राहायचेच. लेकरं ते वेचायची. काकू दारातून बघायची आणि म्हणायची, "या, म्हातारबुवा." बस, तेवढंच. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं फार नसे चारचौघांत. पण रात्रीची जेवणं झाली की पाठीमागच्या दारात ती भांडी घासायची आणि ते कट्ट्यावर बसून गिरणीतलं काहीबाही सांगत राहायचे, राखेचा खरखर आवाज आणि त्यांचा बारीक आवाज, दोन्ही एकदम ऐकू यायचे. मला ते आवाज अजून वेगळे करता येत नाहीत.

आणि मी? मी दहावीत होते आणि घरातली, गल्लीतली, वर्गातली सगळ्यात वाचाळ मुलगी होते. माय म्हणायची, "हिच्या तोंडाले झाकण कायले नाई देलं देवानं?" स्वयंपाकात मला कोणी घेत नसे, कारण बोलण्याच्या नादात मी पातोडीच्या भाजीत दोनदा मीठ टाकायची. वेणी घालून, पावडर थापून, हातात वही घेऊन मी गावातून अशी चालायची की जणू वही नसती तर गाव बंद पडलं असतं.

त्या हिवाळ्यात त्याच सूतगिरणीचे जनसंपर्क अधिकारी आमच्या शाळेत व्याख्यानाला आले. नेरकर साहेब. सफारी सूट, काळा चष्मा, आणि अंगाला असा वास की पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. हेडमास्तरांनी पेढे मागवले होते. साहेबांनी पेढा घेतला नाही, आणि त्या एका गोष्टीनं माझ्या मनात ते देवाच्या वर जाऊन बसले. गावात फुकटचा पेढा नाकारणारा माणूस मी पाहिलाच नव्हता.

बोलायला लागले तर ओघ नुसता. म्हणाले, शेती सगळेच करतात, मास्तर सगळेच होतात, पण उद्याचा जमाना जनसंपर्काचा आहे. प्रत्येक कारखान्याला, प्रत्येक कचेरीला असं एक माणूस लागणार आहे जे बाहेरच्या लोकांशी आतल्याच्या वतीनं बोलेल. "आणि त्यात अवघड काही नाही," ते म्हणाले. "लवकर सांगा, खरं सांगा आणि एकाच माणसानं सांगा. एवढं ज्याला जमलं त्याला माझी खुर्ची." मग त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी कोण उभं राहून शाळेविषयी चार वाक्यं बोलेल? पोरं माना खाली घालून नखं बघायला लागली. मी उठले. चार वाक्यं सांगितली होती, मी घंटा होईपर्यंत बोलले. शाळेचं छत गळतं तेही बोलले. हेडमास्तर लाल झाले, साहेब हसले आणि म्हणाले, "ही मुलगी या कामासाठीच जन्मली आहे."

त्यानंतर मी माणसांत राहिले नाही. काजळ लावून एका जुन्या चष्म्याच्या काचा काळ्या केल्या. बैलांसमोर उभी राहून भाषणं केली. काका सुट्टीला आले तेव्हा त्यांना ऐटीत म्हटलं, "काका, तुमचे नेरकर साहेब मले खुर्ची देनार हायेत."

काका उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. काकूनं ताज्या टोपलाभर उकडल्या होत्या, नुसत्या मिठाच्या पाण्यात, घरभर त्यांचा हिरवा वास. "घे बापा खुर्ची," काका म्हणाले. "मंग आमच्या खात्यातली जाळी तेवढी बशीव. चार खेपा सांगतलं, कोनी आयकून नाई राह्यलं."

"कायची जाळी?"

"पट्ट्यावरची. मशीनचा पट्टा फिरते नं, त्याच्यावर लोखंडाची जाळी अस्ते, हात जाऊ नये म्हून. काम भरभर होत नाई म्हून काहाडून टाकली."

मी म्हटलं, हे काम इंजिनिअर विभागाचं आहे, जनसंपर्काचं नाही. असं म्हटलं मी. काकांना एवढं हसू आलं की शेंग घशात अडकली. काकू मात्र हसली नाही. "तुमी हात जपून घालत जा," म्हणाली, आणि आणखी शेंगा त्यांच्या पुढ्यात ढकलल्या.

पुढच्या सुट्टीला काका आले नाहीत. सकाळी काकांऐवजी मोटरसायकलवर गिरणीचा एक माणूस आला. तो दारात आला नाही, गोठ्याकडे गेला आणि बाबांना हाक मारली. मी शेणाच्या पाट्या उचलण्याच्या निमित्तानं मागं गेले. ऐकू येण्यासारखी जागा शोधणं ही विद्या मला कोणी शिकवली नव्हती.

आमच्याकडं मेल्याचा निरोप मेला असा देत नाहीत. अजूनही नाही. 'तब्येत जास्त आहे' म्हणतात. निरोप्या उंबरा ओलांडत नाही, पाणी पीत नाही, आणि ज्याचं माणूस गेलं त्याला पोचेपर्यंत कोणी काही बोलत नाही. आधी त्याला खाऊ घालतात. कारण एकदा कळलं की मग चूल पेटत नाही आणि घास उतरत नाही, आणि पुढं प्रेताजवळ बसायला, रडायला, चालायला अंगात ताकद लागते. सगळी गल्ली जाणते, सोबत जाणारा जाणतो, एस. टी.चा कंडक्टरसुद्धा चेहऱ्यावरून जाणतो. एकट्या त्या माणसाला माहीत नसतं.

गिरणीच्या माणसानं मात्र बाबांना सरळ सांगितलं. रात्रपाळीत हात पट्ट्यात गेला, पट्ट्यानं ओढून घेतलं, जागेवरच गेले. मग आवाज उतरवून म्हणाला, "साहेबानं सांगतलं हाय, बाईले पुढच्या गेटावर आनू नका. तिथं पाळीचे लोक जमले. फाट्यावर आमची जीप राहीन, तिच्यात बसवून मांगच्या गेटानं न्यायचं. लाकडं, सामान, सारं कंपनी करते. दुपारच्या आत उरकून घेऊ. उगी पोलीस, चिरफाड, कायले?" बाबा गोठ्याच्या खांबाला धरून उभे होते. ते फक्त मान हलवत होते. माझे बाबा बाजारात बैलाच्या सौद्यात तीन तास मान न हलवणारे माणूस.

बाबा त्या माणसाच्या मागं बसून पुढं जाणार होते. काकूला एस. टी.नं कोणीतरी आणायचं होतं. माय लेकरांजवळ राहणार, आजीला चालवत नव्हतं. बाबांनी मला भिंतीआड घेतलं. "तू जा काकूसंगं. तुले बोलता येते. तिले बोलन्यात गुतवून ठेव. पोचेपर्यंत सांगू नको. आयकलं?"

मी घरात आले तेव्हा आजी चुलीजवळ बसली होती. तिला बाबांनी सांगितलं होतं, हे मला तिच्या हातांवरून कळलं. ते थरथरत नव्हते, फार सावकाश चालले होते. तिनं ज्वारीची भाकर थापली, शेकली, वर तिखट आणि तेल घातलं, आणि काकूच्या पुढ्यात ठेवली. "खाय. मंग जाय. दाद्याची तब्येत जास्त हाय म्हनते."

"मले भूक नाई, मामी." सासूला काकू मामीच म्हणायची.

"खाय म्हनलं नं."

आजी तिच्या समोर बसून राहिली. काकूनं शेवटचा घास घेतला तोवर ती हलली नाही. तिचा पोटचा पोरगा गेला होता आणि ती सुनेला पाणी वाढत होती. मी नंतर दवाखान्यात पुष्कळ शिकलेली माणसं वाईट बातमी देताना पाहिली. गळे साफ करणारी, घड्याळ बघणारी. आजीसारखं बसलेलं कोणी पाहिलं नाही.

एस. टी.त आम्हाला खिडकीची जागा मिळाली. काकूनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि मांडीवर काकांसाठी स्वच्छ धोतर-सदऱ्याची पिशवी होती. दवाखान्यात लागेल म्हणून तिनं स्वतःच भरली. आणि मी सुरू झाले. बापरे, काय काय बोलले! मास्तरांची चप्पल, माकडांनी पळवलेला आरसा, शिरपूरच्या जत्रेतली मौत का कुआँची मोटरसायकल. ते शब्द तोंडातून गेले आणि मी अशी थांबले की जीभ चावली गेली. मग पुन्हा सुरू. पोटात मात्र दुसरंच चाललं होतं. पट्टीची वाचाळ आणि पट्टीची मूर्ख, मी मनात वाक्य जुळवत होते. लवकर सांगा, खरं सांगा, एकाच माणसानं सांगा. म्हणजे आपणच. 'आपणांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की' असं ते वाक्य सुरू होत होतं. आपल्या काकूला! जिनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या तिला मी 'आपणांस' म्हणणार होते.

घाट लागला. गाडी कण्हत वळणं घेत होती. काकूनं एकदम माझं मनगट धरलं.

"निमे, काहून इतली बडबड करून राह्यली तू?"

"कुठी?"

"माह्याकडं पाह्य."

मी पाहिलं. आणि जुळवलेलं वाक्य, साहेबांचे तीन नियम, बाबांची ताकीद, काही म्हणजे काही जवळ राहिलं नाही. "काकू, काका गेले," एवढंच बोलले. एवढं लहान वाक्य त्याआधी मी जन्मात बोलले नव्हते.

तिनं मनगट सोडलं नाही. उलट असं दाबलं की बांगडीची एक काच टचकन फुटली, माझीच. ती समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिली. कंडक्टर येऊन तिकिटं बघून गेला.

"कवा?"

"रातच्या पाळीत."

"कायनं?"

"पट्ट्यात."

पुढच्या वळणावर तिनं विचारलं, "बुढीले माईत हाय?"

"हो."

"तिनं मले भाकर चारली." आणि मग, "तिनं खाल्ली काय?"

"नाई."

काकूनं पदराचा बोळा तोंडात घातला. तिचं अंग हलत होतं, पण गाडीच तशी हलत होती, त्यामुळं कोणाला काही कळलं नसावं. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिनं मानेनंच नको म्हटलं. घाट संपला. मग मी तिला उरलेलं सांगितलं. जीप, मागचं गेट, दुपारच्या आत. तिनं बोळा काढला, तोंड पुसलं.

"मांगच्या गेटानं काहून?"

"पुढं पाळीचे लोक हायेत म्हने."

"आन् उद्या म्हनतीन का यानंच हात घातला. दारू पेला होता म्हनतीन." काकांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. "निमे, मले माईत हाय हे कोनाले सांगू नको. मी उतरतो तशीच उतरतो."

माझ्या लक्षात आलं नाही ती काय करणार आहे. वाटलं, धक्क्यानं बोलते आहे.

फाट्यावर जीप उभी होती. आत बाबा, गुडघ्यांत मान घातलेले. बाहेर नेरकर साहेब, आज चष्मा हातात. त्यांनी काकूला हात जोडले, फार मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. दादारावांची तब्येत जरा जास्त आहे. बसा, आपण तिकडंच चाललोय." शाळेत लवकर आणि खरं सांगा म्हणणारा तोच आवाज. मला वाटलं, मला ओळखतील. ओळखलं नाही. मी तेव्हा फक्त एका बाईबरोबर आलेली पोरगी होते.

त्या माणसाला मी पुढं आयुष्यभर मनात शिव्या दिल्या, आणि नंतर, स्वतः तशाच खुर्चीत बसल्यावर, थोड्या कमी केल्या. त्यांच्या पाठीमागंही कोणी मालक फोन धरून बसला असणार. पण आमच्या रिवाजातलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उचललं होतं, हे मी विसरले नाही. आजीनं ते वाक्य म्हटलं ते काकूच्या अंगात ताकद राहावी म्हणून. साहेबांनी म्हटलं ते राहू नये म्हणून. काही माहीत नसलेली बाई जीपमध्ये बसली असती, आत गेल्यावर तिला एकदम दाखवलं असतं, ती कोसळली असती, चार बायांनी धरली असती, आणि ती शुद्धीवर येईतो राख झाली असती. काम सोपं.

काकू जीपच्या पायरीशी गेली आणि थांबली.

"आंधी मले ते मशीन दाखवा."

"वहिनी, मशीनचं नंतर..."

"माहा मानूस मेला, साहेब. मले माईत हाय. मशीन दाखवा."

साहेबांचे हात जोडलेलेच राहिले. बाबांनी मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, मी खाली पाहिलं. काकूनं वाट बघितली नाही. पिशवी काखेत मारली आणि पुढच्या गेटाच्या दिशेनं चालायला लागली. मी मागं धावले. साहेब म्हणत होते, "अहो, कोणीतरी समजवा त्यांना," पण समजावणारं माणूस तिथं तेच एक होते.

गेटावर माणसंच माणसं, सगळी कापसानं पांढरी झालेली. कोणीतरी म्हणालं, "दादारावची बायको." तेवढ्या एका वाक्यानं वाट झाली. चौकीदारानं आडवा बांबू धरला होता. काकू त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. कामगार तिच्या मागं येऊन उभे राहिले. चौकीदारानं एकदा ऑफिसकडं पाहिलं आणि बांबू बाजूला घेतला.

आतला आवाज मी सांगू शकत नाही. जमीन थरथरत होती. हवेत कापूस असा उडत होता की श्वासाबरोबर तोंडात जायचा. गिरणी बंद केलेली नव्हती, एक पाळीसुद्धा नाही. त्या मशीनवर दुसरा माणूस उभा होता, काकांच्याच जागी, आणि पट्टा उघडा, झपझप फिरत होता. खालची फरशी ओली होती. बाकी सगळीकडं कापसाचा थर आणि तेवढाच तुकडा धुतलेला, चकचकीत.

काकू त्या ओल्या जागेच्या कडेला उभी राहिली. "जाळी कुठी हाय?" तिनं विचारलं. आवाजात कोणाला ऐकू गेलं नसणार, पण एका म्हाताऱ्या कामगारानं भिंतीकडं बोट केलं. जाळी तिथं टेकवून ठेवली होती, गंजलेली. तिच्यावर कोणाचातरी डबा लटकवलेला होता.

मशीनवरचा माणूस खाली उतरला आणि त्यानं खटका ओढला. मग पलीकडच्यानं ओढला. मग एकेक करत सगळ्यांनी. आवाज विझत विझत गेला आणि एवढी शांतता झाली की वरून पडणारा कापूसही ऐकू येईल. पोलीस आले, पंचनामा झाला, मागच्या गेटानं कोणी गेलं नाही. जाळ्या बसल्या. कोणाला शिक्षा झाली नाही, साहेबांची तर बढती झाली, हेही सांगून टाकते, म्हणजे कोणी वाट बघायला नको. पण ते सगळं नंतर. तेव्हा फक्त ती शांतता होती, आणि तिच्यात काकूनं हंबरडा फोडला. घाटात दाबून धरलेला, गेटावर दाबून धरलेला, तो आता कोणाच्यानं थांबणार नव्हता. गिरणीच्या टिनांना धडकून तो परत येत होता.

तेवढ्यात बाबा धावत आत आले. काकूला सावरायला आले होते ते. ओली फरशी दिसली आणि ते तिथंच कोलमडले. काकूनं रडता रडताच पुढं होऊन त्यांना धरलं.